विहिरींचा आकडा कुठं ठेवायचा

‘मागणी केल्यास डेटा उपलब्ध करून दिला जाईल’ हे वाक्य मी आजवर तीन शोधनिबंधांच्या शेवटी लिहिलंय. पहिल्या दोन वेळा कुणी काही मागितलं नाही. तिसऱ्या वेळी सोलापूरकडच्या एका विद्यार्थ्यानं मागितलं आणि मला देता आलं नाही. ज्या लॅपटॉपमध्ये आकडे होते त्याची हार्डडिस्क गेली होती, आणि पेनड्राइव्ह कुणीतरी प्रश्नपत्रिका छापायला म्हणून नेला होता, तो परत आला नव्हता. त्या पोराला ‘बघते, कळवते’ असं उत्तर पाठवलं. अजून बघतेच आहे.

म्हणून नोव्हेंबर 2023 मध्ये चौथा निबंध दुरुस्तीसाठी परत आला आणि त्यात सातवा मुद्दा दिसला, तेव्हा रागापेक्षा लाज जास्त वाटली. आधीचे सहा मुद्दे नेहमीचे होते: नकाशाला प्रमाण नाही, अमुक संदर्भ जुना आहे, वगैरे. सातव्यात परीक्षकानं म्हटलं होतं की दुसऱ्या तक्त्यातल्या सरासरीवरून काही कळत नाही, विहिरींची मोजमापं सार्वजनिक रिपॉझिटरीत (म्हणजे डेटाच्या ऑनलाइन भांडारात) ठेवा, त्याचा डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) निबंधात द्या, ‘मागणी केल्यास’ आम्हाला चालत नाही. मुदत सहा आठवडे.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी भूगोल शिकवते. निबंध होता मांजरा नदीच्या दोन्ही अंगांच्या विहिरींवर. या काठाला केज, त्या काठाला कळंब. 62 विहिरी, मे 2018 ते जानेवारी 2023, वर्षातून तीनदा मोजणी: मृगाच्या आधी मे महिन्यात, पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात आणि मग जानेवारीत. हे महिने मुद्दाम धरले होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, तेव्हा पुढंमागं कुणाला दोन्ही आकडे शेजारी मांडता यावेत. मार्च मला जमत नव्हता, परीक्षा असतात. या पाच वर्षांत 2018 चा दुष्काळ आला आणि 2021 च्या सप्टेंबरात मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले तो पूरही आला. आमच्याकडं खाली काळा पाषाण. त्याच्या भेगा जिथं नेतील तिथं पाणी. एका शेतात वीस फुटांवर पाणी लागतं आणि बांधापलीकडच्या विहिरीत बादली दगडावर आपटते. सरासरीला इथं फारसा अर्थ नसतो, एकेका विहिरीचा आकडाच लागतो. माझ्या त्या दुसऱ्या तक्त्यातली सरासरी बघून कुणाला काही कळणार नाही, हे परीक्षकाचं म्हणणं खरं तर माझंच म्हणणं होतं.

आधी सरांना फोन केला. सर म्हणजे माझे पीएचडीचे मार्गदर्शक, आता निवृत्त. ते म्हणाले, “अगं, सीडी करून ठेव ना, दोन प्रती कर.” आणि मग स्वतःच हसले. सरांच्या घरी एक लोखंडी कपाट आहे. त्यात त्यांच्या दुष्काळी गावांच्या वह्या होत्या, आणि 2003 च्या सुमारास कुणा विद्यार्थ्याकडून टाइप करून घेतलेल्या चार सीड्या. सीड्या आता कुठल्याच यंत्रात उघडत नाहीत, आणि वह्यांपैकी 1986 अन् 1987 वाळवीनं खाल्ली. मधली दोनच वर्षं, नेमकी. सर त्याला ‘माझा दुसरा दुष्काळ’ म्हणतात.

गुगल ड्राइव्हची लिंक द्यावी असं सगळ्यांनीच सुचवलं. पण मोठी जागा असलेलं माझं खातं कॉलेजचं आहे, मी नोकरीतून गेले की ते जाणार. खासगी खातं माझ्या नावावर, माझ्या पासवर्डवर. मी मेले तर? हा प्रश्न मी भाच्याला विचारला तेव्हा तो म्हणाला, “मावशी, तू फारच लांबचा विचार करतेस.” विहिरीचा अभ्यास करणारीनं लांबचा विचार नाही करायचा तर कुणी करायचा? एका संस्थेच्या संकेतस्थळावर माझा एक जुना अहवाल होता, त्यांनी संकेतस्थळ नव्यानं बांधलं आणि जुने सगळे दुवे मेले. आता तिथं क्लिक केलं की पान सापडत नाही असं येतं आणि खाली प्रवेश सुरू असल्याची जाहिरात.

डीओआय म्हणजे काय हे मला तोवर अर्धवटच ठाऊक होतं. निबंधाखाली असतो तो लांबडा क्रमांक, एवढंच. नीट वाचल्यावर कळलं की तो क्रमांक म्हणजे फाइलीची जागा नव्हे, फाइलीचं नाव आहे. जागा बदलली की ज्यांच्याकडं नोंद आहे त्यांनी नवी जागा लिहायची, क्रमांक तोच. आमच्या गावचा जुना पोस्टमन पाकिटावर फक्त ‘पाटलाची धाकटी सून’ असलं तरी ती सध्या माहेरी आहे की शेतावर हे बघून पत्र पोचवायचा, तसं. फरक इतकाच की पोस्टमन एक दिवस निवृत्त झाला. म्हणून ती नोंद ठेवणारं दुकान कोण चालवतंय, कशावर चालवतंय, हा खरा प्रश्न. माझी सगळी शोधाशोध शेवटी त्यावरच आली.

रीथ्रीडेटा नावाची एक सूची आहे, 2012 पासूनची. जगभरच्या संशोधन डेटाच्या भांडारांची ती यादी ठेवते. विषय निवडा, देश निवडा, बाहेरच्या माणसाला डेटा ठेवता येतो का ते निवडा, कायमचा क्रमांक मिळतो का ते निवडा. मी आधी भारत निवडला. मला मनापासून वाटत होतं की मांजरेचं पाणी भारतातच राहावं. पण शोधगंगा प्रबंधांसाठी आहे, सुट्या आकड्यांसाठी नाही. केंद्राचं डेटा पोर्टल सरकारी खात्यांसाठी आहे, माझ्यासारखीनं तिथं काही चढवायचं नसतं. आयसीएसएसआर या केंद्राच्या संशोधन परिषदेची डेटा सेवा सामाजिक शास्त्रांची. विहिरीच्या मालकांची मुलाखत-पत्रकं असती तर तिथं गेले असते, पण पाण्याची पातळी मीटरमध्ये, ती सामाजिक शास्त्र कशी? (आहे, हे मला पुढं कळलं. पण ते नंतर.)

मग परदेशी भांडारं. ड्रायड आवडलं, कारण तिथं खरी माणसं फाइल उघडून तपासतात आणि चुका कळवतात. पण नियतकालिक किंवा संस्था सभासद नसेल तर तिथं शुल्क पडतं, आणि परवाना एकच, सीसी झीरो, म्हणजे सगळे हक्क सोडून द्यायचे. फिगशेअर सोपं होतं, पण ते एका कंपनीचं. मेंडली डेटाही एका मोठ्या प्रकाशकाचं. कंपनी वाईट असं माझं म्हणणं नाही, पण कंपनी विकली जाते, आणि मग नवा मालक काय करील ते विहिरीला विचारून करत नाही. हार्वर्ड डेटाव्हर्स कुणालाही मोकळं आहे. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेला साधा तक्ता) दिली की ते तिचा तक्ता स्वतः समजून घेतं, स्तंभांची आकडेवारी दाखवतं, आणि मूळ फाइलही तशीच उतरवता येते. ते मला फार पसंत पडलं होतं.

सगळ्यात जास्त घुटमळले ती हायड्रोशेअरपाशी. ते खास पाण्याच्या अभ्यासकांचं. तिथं माझ्या आकड्यांना शेजार मिळाला असता. नदी, पर्जन्य, भूजल, सगळे एका अंगणात. शिवाय तिथं प्रकाशित करण्याआधी कुणीतरी बघतं. पण ते अमेरिकेतल्या संशोधन अनुदानावर चालतं, आणि अनुदान म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. आम्ही मराठवाड्यातले लोक योजना सुरू होताना बघतो तितक्याच सहज बंद होतानाही बघतो.

झेनोडो शेवटी आलं. 2013 मध्ये युरोपीय संघाच्या पैशावर सुरू झालेलं, चालवतंय सर्न, जिनिव्हाजवळची ती अणुकणांची प्रयोगशाळा. नाव झेनोडोटस या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाच्या पहिल्या ग्रंथपालावरून. एका नोंदीत 50 जीबी मावतात. माझा सगळा डेटा एक एमबीसुद्धा भरत नव्हता, तेव्हा तो आकडा वाचून हसू आलं: टिपकागदाला गोदाम. पण त्यांच्या धोरणात एक वाक्य सापडलं आणि मी तिथंच थांबले. नोंदी किती काळ ठेवणार याचं उत्तर त्यांनी ‘कायम’ असं दिलेलं नाही. प्रयोगशाळा असेल तोवर ठेवू, आणि प्रयोगशाळेचे प्रयोग सध्या पुढची किमान 20 वर्षं ठरलेले आहेत, असं लिहिलंय. ‘कायम’ म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही, पण ‘वीस वर्षं नक्की’ म्हणणाऱ्यावर बसतो. माझ्या निवृत्तीला अकरा वर्षं आहेत.

आता वाटेल की झालं. खरं काम इथून सुरू झालं आणि त्याचा रिपॉझिटरीशी तसा काही संबंध नव्हता.

पहिली गोष्ट मालकांची. 2018 मध्ये मी विहिरी मोजायला गेले तेव्हा तोंडी विचारलं होतं, ‘अभ्यासासाठी मोजू का?’ हो म्हणाले होते, चहाही पाजला होता. पण अभ्यासासाठी मोजणं वेगळं आणि जगातल्या कुणालाही उतरवून घेता येईल असं ठेवणं वेगळं. माझ्या वहीत मालकाचं नाव, फोन, गट नंबर आणि विहिरीचं स्थान दशांशानंतर पाच आकड्यांपर्यंत होतं. पाच आकडे म्हणजे मीटरभराची अचूकता. त्या बिंदूवर उभं राहिलं की विहिरीत पाय पडेल. भाच्यानं तो ऑगस्ट 2023 मध्ये आलेला वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा सांगितला, पण मला कायद्यापेक्षा गाव जास्त ठाऊक आहे. डिसेंबरच्या रविवारी स्कूटी घेऊन निघाले.

बहुतेक हो म्हणाले, काहींना तर कौतुक वाटलं. पण एका घरी विहीर सामाईक आहे, दोन भावांची, पाळीवरून कोर्टात वाद. थोरला ओट्यावर बसून म्हणाला, “ताई, तुमी लिवायलाव पाणी किती, आन् ती कागदं उद्या वकिलाच्या हातात. माझ्या पाळीच्या दिवशी पाणी कमी दिसलं की धाकटा म्हणनार, उपसलं म्हणून.” मी म्हटलं, मी तर वर्षातून तीनदाच येते. “तीन दिवस बी लई झाले की.” दुसऱ्या गावात एक काकू म्हणाल्या, विहिरीच्या अनुदानाला अर्ज टाकलाय, जुन्या विहिरीला पाणी आहे असं कुठं छापून आलं तर अर्ज गेला म्हणून समजा. यांपैकी कुणाचंही भय मला खोटं ठरवता आलं नाही. एका विहिरीचे मालक आजोबा 2022 मध्ये गेले होते, मुलं पुण्याला, कुणाला विचारायचं? ती विहीर मी काढली. एकूण पाच विहिरी काढल्या. 57 उरल्या. त्या पाचांत माझी सगळ्यात सुंदर विहीर गेली, जिच्यात पाच वर्षांत पाणी कधीच तळाला गेलं नाही. परीक्षकाला सरळ लिहून टाकलं की परवानगी नाही म्हणून नाही. त्यानं एका शब्दानंही विचारलं नाही.

उरलेल्या 57 ची नावं, फोन, गट नंबर काढले, प्रत्येकीला एक क्रमांक दिला आणि स्थान दशांशानंतर दोनच आकड्यांपर्यंत ठेवलं. म्हणजे साधारण किलोमीटरभराची ढिलाई. त्यातही दोन गावांत किलोमीटरभरात एकच विहीर आहे, तिथं फक्त तालुका ठेवला. अचूक स्थानं वेगळ्या बंद नोंदीत ठेवून मागणी करणाऱ्याला देण्याची सोयही झेनोडोत आहे. पण मग मागणीला उत्तर देणारी मीच, आणि माझं ‘बघते, कळवते’ मला चांगलं ठाऊक आहे. ती वही माझ्या कपाटात आहे. वाळवीचं औषध मारलंय.

दुसरी गोष्ट परसाची, म्हणजे विहिरीची खोली सांगायच्या गावाकडच्या मापाची. मे 2020 मध्ये टाळेबंदी होती, मला जाता येत नव्हतं. ज्यांचे फोन लागले त्यांना विनंती केली की दोरी टाकून तेवढं सांगा. 21 जणांनी सांगितलं, 41 विहिरी राहिल्या. सांगितलं ते असं: “दोन परस आन् वर हातभर.” “अडीच परसाच्या खाली गेलंय बघा.” मी तेव्हा वहीत तसंच उतरवलं, नंतर मीटर करू म्हणून. नंतर करायला बसले तर कळेना, एक परस म्हणजे किती. टाळेबंदी उठल्यावर त्या एकवीस जणांकडं टेप घेऊन गेले. एक आबा भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिले, म्हणाले, “हा परस.” म्हणजे माणसाची उंची. शेजारच्या वस्तीवर दुसऱ्यांनी उजवा हात उंच केला, बोटं ताणली, “हितपोवतर.” त्यांचा परस पहिल्यापेक्षा दीड फुटानं लांब निघाला. एका घरात तर बापाचा परस वेगळा आणि पोराचा वेगळा, आणि दोरी कुणी टाकली होती हे दोघांनाही आठवेना.

या 21 आकड्यांचं काय करायचं? निबंधात मी ते गाळले होते. पण डेटा ठेवताना गाळायला हात उठला नाही. त्या भयाण मे महिन्यात कुणीतरी उन्हात विहिरीवर जाऊन माझ्यासाठी दोरी सोडली होती. मग एक वेगळा स्तंभ केला: ‘कशानं मोजलं’. त्यात ‘टेप’ किंवा ‘परस’. त्याच्या शेजारी सांगितलेला आकडा जसाच्या तसा, आणि त्या माणसाच्या परसाची लांबी, जिथं मिळाली तिथं. सोबतच्या माहितीपत्रात दीड पान फक्त परसावर लिहिलं, मराठीत आणि इंग्रजीत. ते लिहिताना लक्षात आलं की पाण्याची पातळी सामाजिक शास्त्र नाही असं मी कुठल्या तोंडानं म्हणत होते.

तिसरी गोष्ट फॉन्टची, ती थोडक्यात सांगते कारण ज्यांनी भोगलंय त्यांना कळेल. गावांची नावं आणि शेरे पहिल्या दोन वर्षांत एका विद्यार्थिनीनं टाइप केले होते, जुन्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘केज’ आणि ‘कळंब’ची रोमन अक्षरांची आणि स्वल्पविरामांची खिचडी दिसते. सगळं युनिकोडमध्ये आणलं. रूपांतराच्या साधनानं जोडाक्षरं आणि रफार कुठं कुठं उडवले, ते डोळ्यांनी वाचून लावले. मग कळलं की युनिकोडमधली सीएसव्ही एक्सेलमध्ये नुसती दोनदा टिचकी मारून उघडली तर मराठीच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली परकी अक्षरं येतात. फाइल जतन करताना बीओएमसकट (ही फाइलीच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) यूटीएफ-8 निवडलं की येत नाहीत. या एका वाक्यासाठी माझे दोन दिवस गेले.

आणि जिल्ह्याचं नाव. मी मोजायला लागले तेव्हा कळंब उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, मोजणी संपली त्या वर्षी, 2023 मध्ये, धाराशिव झालं. विद्यापीठाचं शहरही तसंच. शोधणारा कुठल्या नावानं शोधेल? शोधशब्दांत दोन्ही टाकली. यावर आमच्या स्टाफरूममध्ये वाद झाला, मी चहा संपवून उठले. गावांच्या नावांची स्पेलिंगंही तऱ्हेतऱ्हेची असतात, म्हणून तिथं 2011 च्या जनगणनेतले गावांचे संकेतांक दिले.

झेनोडोचं एक सरावाचं अंगण आहे, सँडबॉक्स. तिथं चढवलेलं खरं धरत नाहीत, वाटेल तेवढ्या चुका करा. मी चार वेळा खोटी नोंद केली. नाव कुठलं द्यायचं यातच पहिला घोळ. लग्नाआधीचे माझे दोन निबंध माहेरच्या आडनावावर आहेत. ऑर्किड नावाचा सोळा आकडी ओळख क्रमांक मोफत मिळतो, त्याच्याखाली माहेर-सासर दोन्ही नांदतात. मला हा क्रमांक कुणीतरी वीस वर्षांपूर्वी द्यायला हवा होता, पण तो निघालाच 2012 मध्ये. भाषा म्हणून मराठी निवडता येते हे बघून बरं वाटलं. परवाना सीसी बाय 4.0 ठेवला. वापरा, बदला, पण कुठून घेतलं ते सांगा. सरांना वाटत होतं की व्यापारी वापराला बंदी घालावी, बोअरवाले फायदा घेतील. बोअरवाल्यांना कशाला पाहिजेत माझे आकडे? ते नारळ ठेवून पॉइंट काढतात.

प्रकाशित करण्याआधीच डीओआय राखून ठेवता येतो, तो माहितीपत्रात आणि निबंधात लिहिता येतो, हे फार सोयीचं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री, लाइट गेलेली, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, बॅटरी 22 टक्के, मी ते बटण दाबलं. खरं तर सकाळपर्यंत थांबायला काय हरकत होती.

चार दिवसांनी भाच्यानं ती फाइल झेनोडोवरून उतरवून सहज आलेख काढला आणि फोन केला. “मावशी, 2019 च्या मे महिन्यात विहिरी तुडुंब होत्या का गं?”

2019 चा मे! चारा छावण्यांचा मे. मी म्हटलं, वेडा आहेस का.

“मग हे बघ. विहीर क्रमांक 14, दहा मे, पाणी पावणेदोन मीटरवर.”

दहा मे. 10/05. माझ्या वहीत होतं 05/10, पाच ऑक्टोबर. शेवटची दुरुस्ती मी भाचीच्या लॅपटॉपवर केली होती आणि त्यातली तारखेची मांडणी अमेरिकी होती, महिना आधी. ऑक्टोबरच्या एक ते बारा तारखांत मोजलेल्या विहिरींचे दिवस आणि महिने अदलाबदल झाले होते. तेरा तारखेपासून पुढच्या वाचल्या, कारण तेरावा महिना नसतो. पाच तारखेचं झालं दहा मे, म्हणून पावसाळ्यानंतरचं पाणी उन्हाळ्यात येऊन बसलं. सात तारखेचं दहा जुलै झालं, ते तर लक्षातही आलं नसतं. मी 2018 पासून तोंडानं जे सांगत आले, की मे महिन्यात या पट्ट्यात पाणी तळाला जातं, त्याच्या उलटं माझ्याच नावानं जिनिव्हात जाऊन बसलं होतं. आणि डीओआयसकट!

त्या रात्री मला पुसून टाकायची फार इच्छा झाली. पण तिथली रीत अशी की प्रकाशित फाइलीत चूक असली तर नवी आवृत्ती काढायची, जुनी तिथंच दिसत राहते. प्रत्येक आवृत्तीला स्वतःचा डीओआय, आणि सगळ्या आवृत्त्यांना मिळून आणखी एक, तो नेहमी नव्यावर नेतो. आधी मला ही शिक्षा वाटली. मग सरांच्या वह्या आठवल्या. सर चुकलेला आकडा खोडरबरनं कधी पुसत नसत, त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी नवा लिहीत, सही करीत. रेघेखालचा आकडा वाचता यायला पाहिजे असं बजावत. मी वहीवरून एकेक तारीख ताडून पाहिली, सगळ्या तारखा वर्ष-महिना-दिवस अशा लिहिल्या, 2019-10-05, म्हणजे कुठल्याच लॅपटॉपला शंका यायला नको. दुसरी आवृत्ती काढली आणि वर्णनात मराठीत लिहिलं की पहिल्या आवृत्तीत ऑक्टोबरच्या काही तारखा चुकल्या आहेत, ती वापरू नये. नियतकालिकाला दुसऱ्या आवृत्तीचा डीओआय दिला. निबंधातला तक्ता जुन्या फाइलीवरून केलेला होता म्हणून तो वाचला. नशीब.

निबंध मार्चमध्ये स्वीकारला गेला. सोलापूरच्या त्या विद्यार्थ्याचा जुना मेल शोधून त्याला दुवा पाठवला. त्यानं लिहिलं, ‘धन्यवाद मॅडम, मी आता बँकेत आहे.’

मे 2024 मध्ये सवयीनं विहिरींवर गेले. अभ्यास संपला होता, पण टेप स्कूटीच्या डिकीत होताच. ज्या आबांनी भिंतीला टेकून परस दाखवला होता त्यांना मोबाइलवर ती नोंद दाखवली, नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं.

“यात आमची हीर कंची?”

मी नकाशा मोठा केला. ठिपका त्यांच्या विहिरीवर नव्हताच. किलोमीटरभर लांब, ओढ्यापलीकडं, भलत्याच्याच रानात. मीच ढकलला होता. नाव नाही, गट नाही. आबांना त्यांचीच विहीर सापडेना. मी कारण सांगायला लागले, कोर्ट, अनुदान, कायदा. ते ऐकत होते, पण बोट त्या ठिपक्यावरच होतं.

शेवटी वहीचं पान फाडलं, त्यावर ‘विहीर क्रमांक 31’ लिहिलं आणि खाली तो लांबडा डीओआय, सुवाच्य अक्षरात. म्हटलं, नातवाला हे टाकायला सांगा मोबाइलमध्ये, 31 नंबर तुमचा, कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा. आबांनी कागदाची चार पदरी घडी घातली. विहिरीच्या काठावरच्या मोटारीच्या स्टार्टरची पेटी उघडली, आत लाइटबिलांचा गठ्ठा होता, त्याच्याखाली ती चिठ्ठी सारली आणि झाकण लावून घेतलं. मग म्हणाले, “आता आलाव तर मोजून घ्या की. टेप आनलाय का?”